एक्स-प्लेन ११ चा डेटा पायथॉनमध्ये: आकडे भलतेच येतात

प्रश्न: पायथॉन नुकतंच शिकतोय. एक्स-प्लेन या विमान-सिम्युलेटरमधून यूडीपीने (नेटवर्कवर डेटा पाठवायची एक पद्धत) पिच (नाकाचा वर-खाली कल), रोल (पंखांचा डावा-उजवा कल), उंची घ्यायची आहे. पॅकेट येतं, पण आकडे अचाट. काय चुकतंय?

उत्तर १: पहिले ५ बाइट सोडून द्या, तो नुसता मथळा आहे. पुढे ३६-३६ बाइटचे गट: ४ बाइटचा पूर्णांक म्हणजे एक्स-प्लेनच्या डेटा आउटपुट यादीतल्या ओळीचा क्रमांक, मग ४ बाइटचे ८ फ्लोट (दशांश संख्या), सगळं लिटल-एंडियन (सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी). क्रमांक १७ मध्ये पिच-रोल, २० मध्ये अक्षांश, रेखांश, उंची (फुटांत). गटांचा क्रम गृहीत धरू नका, क्रमांक वाचूनच ओळखा. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं.

उत्तर २: पोर्ट ४९००० वर एक्स-प्लेन स्वतः ऐकतं. एकाच संगणकावर असाल तर तुमचं सॉकेट (प्रोग्रामचं डेटा घेणारं टोक) ४९००५ वर बांधा आणि एक्स-प्लेनच्या डेटा आउटपुट सेटिंगमध्येही तोच आकडा टाका.