८२ हजार रनिंग झालेली युनिकॉर्न : घ्यावी की सोडावी?

कृष्णाकाठ :
मी वाईचा, नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत. कंपनीची बस बंद होतेय. जाऊन-येऊन सत्तरच्या आसपास किलोमीटर, वाटेत खंबाटकी घाट. गाडी हौसेसाठी नकोय, रोजच्या कामाला हवीय.

होंडा युनिकॉर्न १५० बघून आलो. २०१७ची, बीएस-४ (आधीच्या प्रदूषण नियमांची), कार्बोरेटरवाली, एमएच ११. मालक एकच, साताऱ्याचे शिक्षक, रोज कोरेगावला शाळेवर जायचे. मीटरवर ८२ हजार. सर्व्हिसिंगची बिलं फाईलला लावलेली. ४२ हजार सांगतात. दुसरीकडे एका डीलरकडे दीडशे सीसीचीच गाडी आहे, २०१६ची, मीटरवर फक्त २६ हजार, तो ५५ म्हणतोय. तिसरा पर्याय, हप्त्यावर नवी शंभर सीसी.

माझा कल सरांच्या गाडीकडे आहे. वडील मात्र ऐकायला तयार नाहीत. ऐंशी हजारांच्या पुढची गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने लिहा.

घाटवाट :
घे. आकडा किती आहे यापेक्षा तो कसा झालाय ते बघ. इंजिनाची सगळ्यात जास्त झीज थंड इंजिन सुरू होताना होते, कारण ऑईल अजून वर हेडपर्यंत पोचलेलं नसतं. सर सकाळी एकदा गाडी सुरू करायचे, सलग वीसएक किलोमीटर जायचे, संध्याकाळी तसेच परत. वरच्या गिअरमध्ये एका लयीत झालेले ८२ हजार आणि पेठेत दर दोन किलोमीटरला बंद-चालू करत, हाफ क्लचवर झालेले ४० हजार, यांत मी ८२ हजारच उचलेन.

डीलरच्या गाडीला तर हातही लावू नकोस. २०१६ची गाडी इतक्या वर्षांत फक्त २६ हजार चाललीय म्हणजे एकतर ती उभी होती, नाहीतर मीटर बंद होता. उभ्या गाडीचे ऑईल सील कडक होतात, टाकी आतून गंजते, कार्बोरेटरच्या जेटमध्ये पेट्रोल वाळून बसतं. आणि केबलवर चालणारा मीटर असेल तर केबल सोडली की आकडा जागच्या जागी.

अजून एक. रोज सत्तर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला २१ हजार. नवी कोरी आणलीस तरी चौथ्या वर्षाअखेर तीही ८४ हजारांवर असेल. तेव्हा ती टाकून देशील का? नाही ना?

सरळहिशेब :
घाटवाट, तुमचा शेवटचा हिशेब अर्धाच झालाय. नव्या गाडीचे ते ८४ हजार याच्या डोळ्यांसमोर होतील, कोणतं ऑईल कधी टाकलं ते याला माहीत असेल, आणि त्यातली बरीच वर्षं वॉरंटीत जातील. ही युनिकॉर्न मात्र वर्ष भरायच्या आत लाख ओलांडणार. तो दुसरा लाख कसा जाईल याची हमी सरही देऊ शकत नाहीत, ते कितीही सज्जन असले तरी.

सगळे जण इंजिन, इंजिन करतात. माझ्या धाकट्या भावाने अशीच जास्त रनिंगची गाडी घेतली होती (कंपनीचं नाव लिहीत नाही). इंजिनाने त्रास दिलाच नाही. पण आधी चार्जिंगची कॉईल गेली, मग रेक्टिफायर, मग मागच्या चाकाचं बेअरिंग, मग पावसात वायरिंग शॉर्ट. एकेक काम हजार-दीड हजारांचं. पैशांपेक्षा जिव्हारी लागल्या त्या बुडालेल्या शिफ्टा. तो कंत्राटी होता, त्याचा खाडा म्हणजे सरळ पगार कापला. कृष्णाकाठ, तुला घाट ओलांडून वेळेवर पंच करायचंय. भरवशाची किंमत तुझ्या कागदावर कुठेच दिसत नाही.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नवी आता पूर्वीइतकी महाग राहिलेली नाही. शंभर सीसी पेट्रोलही कमी पिते, आणि महिन्याला साडेसतराशे किलोमीटरवर तो फरक खिशाला कळतो.

दहाचा पाना :
माझं गॅरेज आहे, रोज अशा गाड्या खोलतो. गाडी न बघता घे किंवा नको असं सांगणारा माणूस खोटं बोलतोय, मग तो कोणत्याही बाजूचा असो. काय बघायचं ते लिहितो.

सरांना फोन करून सांग, मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिला हात इंजिनाला लाव. गरम लागलं तर चहा घे, थांब, गार होऊ दे. थंड इंजिन सुरू झाल्यावर डोक्याकडून खडखड आवाज आला आणि मिनिटभरात बसला नाही, तर टायमिंग चेन नाहीतर तिचा टेन्शनर. ते काम मोठं नाही, पण भावात धर.

मग धूर. चढावर जोर दिला की सलग निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरचं बोअर झिजलंय. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून खाली आलास आणि पुन्हा पिळल्यावर एक भपका निळा आला, तर वॉल्व सील. हे दोन वेगळे आजार आहेत. बोअर-पिस्टन निघालं तर मजुरीसकट सहा-सात हजारांच्या खाली सुटत नाही. वॉल्व सीलचं त्या मानाने स्वस्तात होतं.

डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचल, हँडल हळू फिरव. सरळ रेषेवर येताना मध्येच खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेलं बेअरिंग, गेला. मागचं चाक धरून आडवं हलव. खेळ असेल तर बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे बुश. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन ओढून बघ, दात उघडे पडत असतील तर चेन-स्प्रॉकेट बदलायचं आहे. हँडल लॉकचे स्टॉपर वाकलेले, चेपलेले असतील तर गाडी जोरात आपटलीय. अशी गाडी फुकट मिळाली तरी नको.

८२ हजारांवर चेनसेट, क्लच प्लेटा, कोनसेट, शॉकअपचे ऑईल सील, टायर यातलं निम्मं तरी निघतंच. आमच्याकडच्या दराने आठ ते दहा हजार धर. ते बाजूला काढून भाव बोल. डीलरच्या गाडीचं सांगायचं तर फूटरेस्टचे रबर, ब्रेक पेडलची धार आणि चावीचं भोक बघ. २६ हजारांत ते गुळगुळीत होत नाहीत.

अनघा_लोणंद :
तुम्ही सगळे पैशांवर बोलताय. दोनचाकीवर मी त्या रस्त्याने रोज जाते म्हणून सांगते, बोगद्यापुढच्या त्या एस वळणावर किती गाड्या गेल्यात ते वाईकराला सांगायला नको. पावसात, ट्रकच्या ऑईलने निसरड्या झालेल्या उतारावर दाबून ब्रेक मारावा लागतो. २०१७च्या युनिकॉर्नला एबीएस, म्हणजे दाबून ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. त्याच्या आधीची दीडशे सीसी घेऊन रोज घाट करू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे. बिलांची फाईल कितीही जाड असो.

घाटवाट :
अनघाताई, मुद्दा मान्य. पण मग सरळहिशेब सांगतात ती शंभर सीसीही बाद होते. २०१९च्या त्या नियमात १२५पर्यंतच्या गाड्यांना नुसतं सीबीएस पुरेसं धरलंय, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, चाक लॉक होणं काही थांबत नाही. युनिकॉर्नला निदान पुढे डिस्क आहे, वजन आहे, महामार्गावर बाजूने ट्रेलर गेला तर ती हलत नाही. संध्याकाळी घाटाच्या चढणीला मागे माणूस बसवून शंभर सीसी तिसऱ्या गिअरमध्ये रडत चढते आणि मागून ट्रक अंगावर येतो, हाही धोकाच ना?

अनघा_लोणंद :
म्हणूनच दोन्ही नको म्हणते. २०१९नंतरची, एबीएसवाली दीडशे-एकशेसाठ शोधा. आठ-दहा हजार जास्त लागतील. रनिंग पन्नास-साठ हजार असलं तरी चालेल, त्याबाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे.

जुना_पेट्रोलवाला :
एक गोष्ट राहिली. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे अॅव्हरेज थोडं पडणारच. बीएस-४च्या कार्बोरेटरमधले रबरी भाग या इंधनासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोल पाईप आणि कार्बोरेटरचं ओ-रिंग किट घेतल्या घेतल्या बदल. रोज चालणाऱ्या गाडीला फार त्रास होत नाही. आठवडा-आठवडा उभी ठेवली तर टाकीत पाणी धरतं. नवी गाडी घेतलीस तर ही काळजीच नाही, कारण एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या ई-२०ला धरूनच बनतात.

कृष्णाकाठ :
सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. डीलरची गाडी डोक्यातून काढली; चावीचं भोक खरंच झिजलेलं होतं, मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. अनघाताईंचं म्हणणं पटतं, पण एबीएसवाली साठाच्या खाली कुठे दिसत नाही आणि माझी मर्यादा पन्नास आहे, दुरुस्ती धरून. कर्ज काढायचं नाही हे घरात ठरलेलं आहे, बहिणीचं शिक्षण चालू आहे. म्हणून नवीही बाजूला.

रविवारी ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन सरांकडे जातोय. आधी इंजिन थंड बघणार, मग सरांना मागे बसवून चढाच्या रस्त्याला एक चक्कर. धूर निघाला तर नमस्कार करून परत.

सरळहिशेब :
माझं मत बदललेलं नाही. कर्ज नको तर चार महिने एसटीने जा, पैसे साठव आणि ताईंनी सांगितलेली घे, पावसाळा तरी टळेल. पण जातोच आहेस तर दहाचा पाना म्हणतात ते दहा हजार वजा करून ३२ पासून बोल आणि ३५च्या वर चढू नकोस. एप्रिल २०१९च्या आधीची गाडी आहे, नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का बघ. थकलेली ई-चलनं ऑनलाईन तपास. आरसीवर बँकेचा बोजा अजून असेल तर सरांकडून बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ घे. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम हातात देऊ नकोस. इन्शुरन्स चालू असला तर चौदा दिवसांच्या आत नाव बदलून घे, नाहीतर तुझ्या गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडकेल.