सेराकोटच्या आधी तेल काढा

जुन्या १९११ मॉडेलच्या पिस्तुलाला घरी सेराकोट (सिरॅमिकयुक्त पातळ संरक्षक लेप) करताना ब्रेक क्लीनरने (गाडीच्या ब्रेकवरचं तेल काढणाऱ्या द्रावणाने) पुसून थेट फवारा मारला तरी चालतो, असं काही जण म्हणतात. वापरलेल्या पिस्तुलाला तरी हे चालत नाही. वर्षानुवर्षांचं तेल पिनांच्या भोकांत आणि साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) खाचेत मुरलेलं असतं. पृष्ठभाग कोरडा दिसतो, पण लेप पक्का करायला भट्टीत तापवला की तेच तेल पाझरतं आणि लेप तिथूनच सुटतो. म्हणून आधी पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करा, सगळं सुटं करा आणि स्लाइड (वरचा सरकणारा भाग) आणि फ्रेम (खालचा सांगाडा) अ‍ॅसिटोनमध्ये भिजवा. मग काहीही न लावता ३०० अंश फॅरनहाइटला तासभर तापवा. खाचेजवळ तेलकट ओघळ दिसला तर पुन्हा अ‍ॅसिटोन, पुन्हा भट्टी. मगच अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून पृष्ठभाग खरखरीत करणं), आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही.

लेप जेमतेम २५ मायक्रॉनचा, तरी रेलवर (ज्यावरून स्लाइड सरकते तिथे) दोन्हीकडून बसला की स्लाइड अडकते. बॅरलची नळी आणि चेंबर (गोळी बसते ती जागा) बंदच ठेवा, लेप आत जाता कामा नये. ब्लास्टिंगमध्ये सीरियल नंबर पुसट होऊ देऊ नका. तो खोडलेलं शस्त्र बाळगणं अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे.

आणि स्वयंपाकाचा ओव्हन कृपया वापरू नका. सेराकोटची एच सिरीज २५० अंश फॅरनहाइटला दोन तास भाजावी लागते, त्या वाफा जेवणाच्या जागी नकोत. वेगळी भट्टी नसेल तर सेराकोटचीच सी सिरीज घ्या. ती हवेतच वाळते, पूर्ण कडक व्हायला ५ दिवस लागतात. घर्षणाला मात्र ती एचइतकी टिकत नाही.