'सेरेन्डिपिटी': नियतीवर सोपवणे हाही निर्णयच नव्हे का?

प्रश्न – रातपाळी

'सेरेन्डिपिटी' (२००१) हा चित्रपट नुकताच पुन्हा पाहिला. न्यूयॉर्कमधल्या दुकानात हातमोज्यांच्या एकाच जोडीवर जोनाथन आणि सारा यांचा एकदम हात पडतो आणि ओळख होते. पुढे ती आपला नंबर एका पुस्तकात लिहून ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकायचे ठरवते, त्याचा नंबर पाच डॉलरच्या नोटेवर लिहून घेते व ती नोट लगेच खर्चून टाकते. या वस्तू परत हाती आल्या, तर आपली गाठ विधिलिखित आहे असे मानायचे. शेवटी दोघे भेटतात. मग नियतीचीच सरशी झाली म्हणावे, तर जोनाथनच्या मधल्या साऱ्या धावाधावीला काय अर्थ उरतो?

प्रतिसाद – अधिकउणे

आपण एक बारकावा गाळलात. सारा आधी आपला नंबर कागदावर लिहून देतेच, पण तो कागद वाऱ्याने उडून जातो. कागद उडाला हा योगायोग खरा. दुसरा कागद न घेणे हा मात्र सर्वस्वी तिचा निर्णय, आणि त्यालाच ती संकेत म्हणते.

हॉटेलच्या लिफ्टचा प्रसंग तर याहून बोलका आहे. वेगवेगळ्या लिफ्टमध्ये शिरून दोघेही, एकमेकांना न सांगता, तेविसावा मजलाच निवडतात. दोघांनी एकच मजला निवडला तर गाठ पक्की, या तिच्याच नियमाने कौल मिळालेला असतो. पण सैतानाचा पोशाख घातलेला एक मुलगा जोनाथनच्या लिफ्टमधली सगळी बटणे दाबून ठेवतो, त्याला वर पोचायला उशीर होतो आणि ती वाट पाहून निघून जाते. आकडा जुळला तरी नियती आणि चुकामूक झाली तरी नियतीच, असे असेल तर ही नियती कधी हरूच शकत नाही. आणि जे हरूच शकत नाही, त्याची परीक्षा घेण्याचा हा सारा खटाटोप मला तरी भाबडा वाटतो.

प्रतिसाद – तिसरी रांग

तुलनेसाठी 'बिफोर सनराइज' (१९९५) पाहावा. तिथेही आगगाडीत झालेली ओळख योगायोगानेच होते, परंतु व्हिएन्ना आल्यावर जेसी सेलीनला सरळ विचारतो की माझ्याबरोबर उतरतेस का, आणि ती उतरते. सहा महिन्यांनी त्याच फलाटावर भेटायचे ठरते; पुढच्या चित्रपटात (२००४) कळते की आजीच्या निधनामुळे ती येऊ शकली नव्हती. तिथे दैव आडवे येते, पण निवड कोणी त्याच्यावर ढकलत नाही.

अधिकउणे यांच्याशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. ती नोट साराला मैत्रिणीच्या अदलाबदल झालेल्या पाकिटात, विमानात बसल्यावर सापडते. त्यात तिचे कर्तृत्व कोणते?

प्रतिसाद – रातपाळी

नोटेपुरते मान्य. पण पुस्तकाचे पाहा. ते जोनाथनला त्याची वाग्दत्त वधू लग्नाच्या तोंडावर भेट देते, कारण तो प्रत्येक पुस्तकांच्या दुकानात तेच पुस्तक उचलून चाळतो हे तिने हेरलेले असते. म्हणजे वर्षानुवर्षांच्या त्याच्या शोधाचेच ते फळ, फक्त हात दुसऱ्याचा. त्या बिचारीने ते कौतुकाने गुंडाळून त्याच्या हाती ठेवले, याची बोच मला चित्रपट संपल्यावरही जाणवत राहिली.