मदत हवी आहे : घरीच शिकवणाऱ्या आयांनो, तुम्ही कसं निभावता?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला असतो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. लेकीला दुसरीतून काढलं, धाकट्याला घातलंच नाही. होमस्कूलिंग करावं की नाही हा वाद इथे नको, तो घरी भरपूर होतो.

वाचन, परिसर अभ्यास मजेत चाललंय. बालभारतीची पुस्तकं आहेतच. घोडं अडतं ते अपूर्णांकांवर. परवा छेद समान करताना ही मुद्दाम चुकतेय असं वाटून माझा आवाज चढला. तिने वही मिटली आणि म्हणाली, "आता तू आई हो." शाळेतल्या बाई रागावल्या तर पोरं घरी येऊन आईजवळ रडतात. माझ्या पोरीने कुठे जायचं?

त्यात नातेवाईक. कुठल्याही कार्याला गेलं की कुणीतरी काका तिला एकोणतीसचा पाढा विचारणारच. शाळेत जाणाऱ्या चुलतभावंडांना मात्र "आइस्क्रीम खाल्लंस का?" ती अडखळली की सगळे माझ्याकडे बघतात. नवरा पाठीशी आहे, पण सकाळी सातपूरला जातो तो रात्रीच उगवतो. "झेपत नसेल तर घालू शाळेत" असं तो प्रेमानेच म्हणतो, मला टोमण्यासारखं लागतं. दुपारचा अर्धा तासही माझा नसतो.

आणि दहावीचं काय? उद्या परत शाळेत घालायचं ठरलं तर धाकट्याला दाखला नाही म्हणून अडवतील का?

चिंचगूळ : दहावीची काळजी आत्तापासून नको. एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय मंडळ, तिथे वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय घेऊन दहावी होते, मराठी माध्यमही आहे. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्याआधी काही हातात हवं असेल तर त्यांचीच ओबीई (मुक्त मूलभूत शिक्षण) आहे, तिसरी, पाचवी आणि आठवीला समकक्ष. शाळेचं म्हणाल तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ वाचा. सहा वर्षांवरचं मूल कधीच शाळेत गेलेलं नसलं तरी त्याला वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो. ऑफिसात कुरकुर होते, प्रत सोबत ठेवा.

ठाणेकर : अपूर्णांक तुम्ही शिकवूच नका. आमच्याकडे गणित बिल्डिंगमधल्या एका निवृत्त बाईंकडे दिलं, त्या दिवसापासून भांडणं निम्म्यावर आली. त्या वेळात मी चक्क झोपते. आणि रागावू नका, पण नवरा "पाठीशी आहे" म्हणजे नक्की काय करतो?

धागाकर्ती : @ठाणेकर, भाजी आणतो. :) रविवारचं गणित त्याच्या गळ्यात घालून बघते, कुरकुरेल. @चिंचगूळ, खूप आभार. ओबीईचं नाशिकमधलं केंद्र कुणी स्वतः अनुभवलंय का? मराठीतून पेपर दिलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.