सोसायटीच्या गेटवर भरणारं शेतकऱ्याचं टेबल: मुलांसाठी भाजी तिथून घ्यावी का?

निशिगंधा_प
नमस्कार मंडळी. आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. मोठा चार वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची. तिचं आत्ता कुठे वरणभात सुरू झालंय, आणि मोठा हिरवं काही दिसलं की ताट पुढे ढकलतो. दोघांसाठी ताजी, जवळपास पिकलेली भाजी हवी आहे. एक पर्याय म्हणजे ॲपवरची सेंद्रिय पेटी, आठवड्याला साडेआठशे. दुसरा रविवारचा शेतकरी आठवडे बाजार. तो लांब पडतो आणि उशीर झाला की पालेभाजी संपते. तिसरा, बुधवारी संध्याकाळी आमच्या गेटवर एक दादा टेबल लावतात, 'शेतकरी ते ग्राहक थेट' असा फलक आहे. बजेट आठवड्याला ५००, फळं धरून. कृपया त्यातच सुचवा. गच्चीवरची बाग सांगू नका, आमच्याकडे खिडकीत कुंडी ठेवली तरी सेक्रेटरी नोटीस काढतात.

गच्चीवरचा_माळी
कुंडी नको तर ग्रो बॅग ठेवा ना! खाली ट्रे ठेवला की पाणी गळत नाही. आमच्याकडे पालक, माठ, चेरी टोमॅटो सगळं घरचं. मुलगी स्वतः तोडून खाते. सुरुवातीला सात-आठ हजार लागतात, मग फुकटच.

ओंकार_जे
पेटीच घ्या. आम्ही हजार-बाराशेची घेतो, झुकिनी, बेबी पालक, ब्रोकोली सगळं येतं. तब्येतीपुढे पैसा बघू नये.

सुलभाकाकू
चार वर्षांच्या पोराला झुकिनी? आमच्याकडे ताटात पडेल ते खायचं असा नियम होता, आवडनिवड विचारायला वेळ कोणाला होता. लाल भोपळ्याचे घारगे कर, मेथीचे ठेपले कर, मागून मागून खाईल. बाजार कुठला का असेना.

रानवाट
पेटीच्या नादी लागू नका. आम्ही एका कंपनीची लावली होती. पालक पिशवीतच चिकट झालेला, आणि दर वेळी न मागता दुधी. तक्रार केली तर पुढच्या आठवड्याच्या पेटीत पन्नास रुपये वजा. त्या गेटवरच्या टेबलाचंही बघून घ्या. आमच्या सोसायटीत असाच फलक लावून एकजण किवी विकत होता. किवी!

केदार_सासवड
रानवाट यांना +१. सोपी परीक्षा सांगतो. एकाच टेबलावर भेंडी, सफरचंद, ब्रोकोली, लसूण आणि शहाळं दिसलं तर तो व्यापारी. शेतकऱ्याकडे एका वेळी चार-पाच जिनसाच असतात, आणि त्याही एकदम ढिगाने.

नारायणगावकर
मी स्वतः टोमॅटो आणि कोथिंबीर करतो म्हणून बोलतो. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला, तेव्हापासून आम्हाला कुठेही थेट विकता येतं. पण एकट्या शेतकऱ्याला शहरात टेबल परवडत नाही. गाडीचं भाडं आणि एक माणूस पूर्ण दिवस अडकणार, मग नुसती मेथी विकून काय सुटणार? म्हणून बरेचजण स्वतःच्या मालासोबत शेजाऱ्याचा आणि थोडा मोशी किंवा गुलटेकडीच्या घाऊक बाजारातला माल ठेवतात. यात फसवणूक तेव्हाच, जेव्हा विचारल्यावर खोटं सांगतात.

ताई, फलक वाचण्यापेक्षा दोन प्रश्न विचारा: यातलं तुमच्या रानातलं कुठलं, आणि शेवटची फवारणी कधी झाली. औषधाच्या बाटलीवर फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं. खरा शेतकरी न अडखळता सांगतो. आणि पैसे मोजकेच असतील तर विचार करून लावा. वांगं, भेंडी, फ्लॉवर यांना अळीपायी फवारणी जास्त, तिथे ओळखीचा माणूस बघा. लाल भोपळा, सुरण, रताळं कुठूनही घ्या.

ओंकार_जे
म्हणजे शेवटी सेंद्रियच घ्या असंच ना? मी तेच म्हणतोय.

केदार_सासवड
सेंद्रियचा कागद बघितलात का कधी? पाकिटावर 'जैविक भारत'चं चिन्ह लागतं. शेतकऱ्यांच्या गटाचं पीजीएस प्रमाणपत्र असेल तर त्यावर 'ग्रीन' आहे की 'ऑरगॅनिक' ते वाचा. ग्रीन म्हणजे जमीन अजून रासायनिककडून सेंद्रियकडे वळण्याच्या काळात. अर्धे लोक ग्रीन हा शब्द बघूनच खूश होतात.

मधुरा_आहार
बाजार कुठला यावर भांडण चाललंय, मुलांकडे कोणी बघत नाहीये. मी बालआहाराचं काम करते. धाकटीच्या जेवणात वर्षापर्यंत मीठ-साखर-गूळ नको, आणि मध तर अजिबात नको, 'शेतातला शुद्ध' असला तरी. मधातल्या जिवाणूमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. नाचणीसत्त्व द्या, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि नाचणी पेटीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. पालेभाजी वरणात शिजवून घोटा आणि वरून लिंबाचे दोन थेंब, त्याने लोह नीट शोषलं जातं. मटार दाबून द्या. मोठ्यालासुद्धा अख्खे शेंगदाणे नकोत, कूट चालेल. द्राक्षं उभी चिरून. भाजी सेंद्रिय असो नसो, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

गच्चीवरचा_माळी
नाचणीसुद्धा कुंडीत येते, मी लावली होती. दोन वाट्या निघाली.

सुलभाकाकू
लिंबाचं माझी सासू सांगायची, तिला कोणी आहारतज्ज्ञ म्हटलं नाही.

ए२_भक्त
भाजीचं सोडा, मुलांना दूध कुठलं देता? देशी गाईचं ए२ प्रथिनाचं दूध सुरू करा, बाकी सगळं त्यापुढे गौण आहे.

केदार_सासवड
ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पाकिटावरचे ए१-ए२चे दावे काढायला सांगितले होते, माहीत आहे ना?

ए२_भक्त
आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागे घेतला, ते सोयीस्कर विसरलात.

रानवाट
अवांतर पुरे. धागाकर्ती पळून जाईल. माझं मत रविवारचा बाजार. लांब असला तरी मुलांना घेऊन जा, तेवढंच फिरणं. अर्थात केदार म्हणतात तसं टेबल तपासून घ्या, जास्त जिनसा दिसल्या की व्यापारी समजा.

केदार_सासवड
बाजारालाच माझं मत. गेटवरचं टेबल नको.

सुलभाकाकू
बाजार. आणि घारगे.

निशिगंधा_प
सगळ्यांचे आभार. नारायणगावकरांचे प्रश्न घेऊन बुधवारी खाली गेले. दादांचं रान चाकणच्या बाजूला आहे. मेथी, कांदापात, मटार आणि हरभऱ्याचे घाटे त्यांचे, बाकी मोशीचं. सफरचंदाकडे बोट दाखवलं तर म्हणाले, "ताई, हे माझ्या रानात लागलं असतं तर मी इथं उभा राहिलो असतो का?" मटारवर फवारणी केली होती, कधी तेही लगेच सांगितलं, औषधाच्या नावासकट.

हे चालू असताना आमचा मोठा क्रेटवर बसून मटार सोलत होता. दादांनी त्याला काट्याच्या पारड्यात शेंगा टाकायचं काम दिलं होतं. चार टाकायच्या, एक फोडायची, दाणे तोंडात. घरी हाच मुलगा पुलावातला मटार एकेक करून ताटाच्या कडेला लावतो. धुतलेला नव्हता, हे मधुराताई, माहीत आहे. पुढच्या वेळी पाण्याची बाटली घेऊन जाईन.

तर आम्ही गेटवरचंच टेबल घेतोय, किवीवाल्याचा धोका पत्करून. रविवारी सकाळी दोन मुलांना आवरून लांब जाणं मला जमणार नाही. दादांचं स्वतःचं तेवढं त्यांच्याकडून घेईन, रताळी आणि भोपळा कोपऱ्यावरच्या गाडीवरून. पहिल्या आठवड्याला फळांसकट ४६० झाले. नाचणी वेगळी.

केदार_सासवड
मोशीचा माल गेटवर विकत घेताय, मंडईपेक्षा महाग. तुमची मर्जी.

नारायणगावकर
माणूस खरं बोलतोय, पुरे आहे. जानेवारीत त्यांना गाजराचं विचारा.

ओंकार_जे
४६० मध्ये ब्रोकोली बसली का?

ए२_भक्त
आणि दुधाचं काय ठरलं?

निशिगंधा_प
दुधाचा वेगळा धागा काढा हो.