मेनफ्रेमवर लिनक्स टाकलं, आयपीएलनंतर (म्हणजे बूट केल्यावर) नेटवर्क गायब

प्रश्न:
लिनक्स थेट एलपारमध्ये (मेनफ्रेमच्या एका स्वतंत्र विभागात) टाकलं आहे, मध्ये झेड/व्हीएम हा हायपरव्हायजर नाही. ओएसए या नेटवर्क कार्डाचे पत्ते ०६०० ते ०६०२. इन्स्टॉल होताना नेटवर्क नीट चालत होतं, पॅकेजेसही त्याच वाटेने उतरली. डिस्कवरून आयपीएल केल्यावर मात्र फक्त 'लो' हा अंतर्गत इंटरफेस दिसतो. ओएसए कार्डं दाखवणारं 'एलएसक्यूईथ' रिकामं, कर्नल लॉगमध्ये क्यूईथ या कार्डाच्या ड्रायव्हरची एकही ओळ नाही. सगळं एचएमसी या मेनफ्रेमच्या नियंत्रण कन्सोलवरूनच करावं लागतंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर १:
लॉगमध्ये काहीच नाही, हीच खूण आहे. ड्रायव्हर अडखळला असता तर त्याची तक्रार दिसली असती. इथे कर्नलने कार्ड पाहिलेलंच नाही. एका एलपारला हजारो डिव्हाइस दिसू शकतात, म्हणून इन्स्टॉलर बहुधा कर्नल पॅरामीटरमध्ये 'सीआयओ_इग्नोर=ऑल,!कॉनडेव्ह' लिहून ठेवतो. म्हणजे कन्सोल सोडून बाकी सगळ्यांकडे दुर्लक्ष.

'एलएससीएसएस' चालवा, कर्नलला दिसणाऱ्या डिव्हाइसची यादी मिळेल. त्यात ०६०० नसेल तर इग्नोरच्या यादीतून काढा:

सीआयओ_इग्नोर -आर ०.०.०६००-०.०.०६०२

आणि परत 'एलएससीएसएस'. तरीही दिसलं नाही तर लिनक्समध्ये शोधत बसू नका. एक तर आयओसीडीएसमध्ये (मेनफ्रेमच्या आय/ओ रचनेच्या नोंदीत) ती सीएचपीआयडी, म्हणजे कार्डाची चॅनलवाट, तुमच्या एलपारला दिलेली नाही, नाही तर ती बंद आहे. 'एलएससीएचपी'मध्ये व्हॅरी आणि कॉन्फिगर, दोन्ही रकान्यांत १ हवा. दिसलं, तर ते चालू करा:

सीएचझेडडेव्ह -ई क्यूईथ ०.०.०६००

याने वाचन, लेखन आणि डेटा हे तिन्ही पत्ते एका गटात बांधले जातात. वाचनाचा पत्ता सम हवा आणि लेखनाचा त्याच्या लगेच पुढचा. तुमचे बरोबर आहेत.

प्रश्नकर्ता:
'एलएससीएसएस'मध्ये नव्हतंच, इग्नोरमधून काढल्यावर आलं. ईएनसी६०० हा इंटरफेस तयार झाला, आयपीही दिला. पण गेटवेला पिंग जात नाही. इंटरफेसवर 'नो-कॅरिअर' (केबलचा सिग्नल नाही) आहे आणि लॉगमध्ये 'द लॅन इज ऑफलाइन'.

उत्तर २:
केबल ओढून बघण्याआधी इन्स्टॉलच्या वेळची पॅरामीटर फाइल उघडा. नेटवर्क कार्डाच्या 'आरडी.झेडनेट' ओळीत शेवटी 'पोर्टनो=१' सापडेल असं वाटतं. १००० बेस-टी ओएसए कार्डात एकाच सीएचपीआयडीवर दोन पोर्ट असतात, ० आणि १. तुम्ही पोर्ट सांगितला नाहीत, म्हणून ० धरला गेला आणि केबल आहे दुसऱ्यात. इन्स्टॉलच्या वेळी सगळं चाललं ते याच एका शब्दामुळे. डिव्हाइस ऑनलाइन असताना पोर्ट बदलत नाही, म्हणून आधी बंद करा:

सीएचझेडडेव्ह -डी क्यूईथ ०.०.०६००
सीएचझेडडेव्ह -ई क्यूईथ ०.०.०६०० लेअर२=१ पोर्टनो=१

लेअर२ची किंमतही (१ म्हणजे लेअर २, ० म्हणजे लेअर ३) त्याच 'आरडी.झेडनेट' ओळीतून घ्या. तेच कार्ड वापरणारा दुसरा एलपार लेअर ३ वर असेल, तर तुमचं बाहेर सगळीकडे पिंग जाईल, पण नेमका त्या शेजाऱ्याशी थेट संवाद होणार नाही. एकाच ओएसएवर लेअर २ आणि लेअर ३ सुखाने नांदतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

प्रश्नकर्ता:
पोर्टनो=१ च होतं. पिंग सुरू झालं.

उत्तर १:
आता हे पुढच्या आयपीएलला टिकवा. 'एलएसझेडडेव्ह क्यूईथ'मध्ये 'ऑन' (आत्ता चालू) आणि 'पर्स' (कायम टिकणारं) असे दोन रकाने असतात. दोन्हींत 'येस' हवं. 'पर्स'ला 'नो' असेल तर पुढच्या वेळी पहिल्यापासून तेच. कर्नल पॅरामीटरमध्येही इग्नोरच्या यादीच्या शेवटी ',!०.०.०६००-०.०.०६०२' जोडा आणि 'झिपल' चालवा. इथे बरेच जण फसतात: नुसती फाइल बदलून काही होत नाही, कारण आयपीएलच्या वेळी पॅरामीटर 'झिपल'ने डिस्कवर लिहून ठेवलेल्या बूट रेकॉर्डातून येतात.

फाइल बदलताना एचएमसीची 'ऑपरेटिंग सिस्टिम मेसेजेस' खिडकी वापरू नका. ती ओळीओळीने चालते, तिथे व्हीआय एडिटर उमटत नाही. 'इंटिग्रेटेड एएससीआयआय कन्सोल' उघडा, किंवा 'सेड' या आज्ञेने भागवा.

आयपीची सेटिंग कुठल्या नावावर लिहिली आहे तेही बघा. जुन्या आवृत्त्यांत हाच इंटरफेस ईएनसीसीडब्ल्यू०.०.०६०० म्हणून येई. जुनी फाइल तशीच उचलली असेल तर कार्ड वर येतं, कॅरिअर दिसतं आणि पत्ता मात्र लागत नाही.