पहाटेची टकटक: इंजिन खोलायच्या आधी
दादा, ट्रक पहाटे सुरू केला की टकटक, दहा मिनिटांनी गप्प, आणि मिस्त्री म्हणतोय इंजिन खोलू. थांबा की ओ! आवाज पाच-दहा सेकंदांत जात असता तर ऑइल रात्रीत खाली उतरतंय म्हटलं असतं. फिल्टरमधली झडप बिघडली की तसं होतं. पण दहा मिनिटं म्हणजे माझा संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडात बसवलेल्या पट्टीवर. गार असताना फट राहते, धातू तापून फुगला की बुजते. जोडाजवळ काजळी दिसते का बघा. माझ्या गाडीला तेच होतं, बोल्ट तुटलेला. थंडीत डिझेल जरा खडखडतंच, पण सोलापूरची थंडी ती केवढी! तापल्यावरही खालून ठोके आले तर मात्र लगेच बंद करा, आधी ऑइल प्रेशर मोजा.